गुड्सवरच्या पोस्टवर 'मैदानवेडा' यांची प्रतिक्रिया, आणि माझं उत्तर

मैदानवेडा, एवढं लांबलचक लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू, खरंच, कारण ऑस्ट्रेलियन रूल्सवर, म्हणजे तिथल्या लांबट बॉलच्या फुटबॉलवर काही लिहिलं की एरवी "हे रग्बीच ना?" याच्यापुढे कोणी जात नाही. उत्तर छोट्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, यांचं म्हणणं असं की मी ॲडम गुड्सला, म्हणजे सिडनी स्वान्स क्लबच्या त्या मूलनिवासी खेळाडूला, उगाच देव्हाऱ्यात बसवलंय, लोक त्याची हुर्यो उडवायचे ती तो फ्री किकसाठी नाटकी पडायचा म्हणून, त्यात वर्णद्वेष वगैरे काही नव्हतं, एका १३ वर्षांच्या पोरीला त्याने पोलिसांच्या तोंडी दिलं ते मी गुळगुळीत करून सांगितलं, आणि ब्राउनलोची माहिती चुकीची दिली.

शेवटचं आधी घेतो कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ब्राउनलो मेडल म्हणजे प्रत्येक मॅचनंतर अंपायर मतं देतात आणि सीझनच्या शेवटी बेरीज करून जो पहिला येतो त्याला मिळतं ते. २००३ चं मी त्याच्या एकट्याच्या नावावर टाकलं होतं, ते नेथन बकली, मार्क रिचूटो आणि गुड्स अशा तिघांना मिळून होतं. एकट्याने जिंकलं ते २००६ ला. दुरुस्ती केली, चूक माझीच.

पण "बरा खेळाडू, बाकी मीडियाने फुगवला" हे काय हो? वॉलारूमध्ये जन्मलेला पोरगा, आई अड्न्यामथान्हा आणि नरंगा या मूलनिवासी वंशांची, जिला लहानपणी सरकारनेच घरच्यांपासून तोडलेलं, बापापासून ती वेगळी झाली तेव्हा हा चार वर्षांचा. लहानपणी सॉकर खेळायचा! व्हिक्टोरियातल्या मर्बीनला राहायला गेले तिथे सॉकर नव्हतं म्हणून हा लांबट बॉल हातात घेतला, म्हणजे गावात सॉकरची टीम असती तर ही पोस्टच झाली नसती. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, सिडनी स्वान्सने घेतला तो ४३ व्या नंबरवर, म्हणजे त्याच्याआधी ४२ पोरं उचलली गेली होती. १९९९ ला पदार्पण आणि त्याच वर्षी रायझिंग स्टार, हा नव्या पोरांसाठीचा पुरस्कार. उंच गडी, सुरुवातीला वर उडवलेल्या बॉलसाठी उडी मारणारा, म्हणजे रक म्हणून उभा राहायचा आणि पुढच्या मिनिटाला मिडफिल्डरसारखा पळत सुटायचा, हे दोन्ही एकाच माणसाला जमणं त्या खेळात दुर्मिळ. ३७२ मॅचेस, ४६४ गोल, सगळं एकाच क्लबसाठी. २००५ ला स्वान्सने वेस्ट कोस्टला ४ पॉइंटनी हरवून ७२ वर्षांनी कप आणला त्या टीममध्ये तो, २०१२ च्या टीममध्येही तो. फुगवायला जागा कुठेय?

आता ती मुलगी. २४ मे २०१३, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, कॉलिंगवूडविरुद्ध, आणि राउंड कुठला तर मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानाचा. कुंपणापलीकडून त्याला 'एप' म्हणजे वानर अशी हाक आली, त्याने वळून बोट दाखवलं आणि सिक्युरिटीला सांगितलं. वय काय ते त्याला त्या क्षणी कुठून कळणार? पुढे पोलिसांनी तिला ज्या पद्धतीने बसवून प्रश्न विचारले त्यावर तिच्या आईने तक्रार केली आणि ती मला रास्त वाटते, हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं, मान्य. पण गुड्स दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर म्हणाला की दोष त्या पोरीचा नाही, तिला धारेवर धरू नका, आधार द्या. तिने फोन करून माफी मागितली. त्याच्या बाजूने विषय तिथे संपला होता हो. आणि कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर, जे त्या रात्री स्वतः ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गुड्सची माफी मागून आले होते, त्यांनीच पाच दिवसांनी रेडिओवर त्याचं नाव किंग काँग या महाकाय वानरावरच्या नाटकाच्या जाहिरातीशी जोडलं. यांचं वय १३ नव्हतं.

आणि ती हुर्यो. फ्री किक काढण्यात तो हुशार होता, टीव्हीसमोर मीसुद्धा "ऊठ रे बाबा" म्हटलंय. पण तारखा बघा ना. हा माणूस १९९९ पासून खेळतोय, पडायचा तर तेव्हापासून पडत असणार. मग गावोगावच्या मैदानांवर, बॉल नुसता त्याच्या हातात आला की हूऽऽ, हे कधी सुरू झालं? तर २०१३ नंतर, तो २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर होऊन वर्णद्वेषावर आणि देशाच्या इतिहासावर बोलायला लागल्यावर. मे २०१५ ला कार्लटनविरुद्ध गोल मारून त्याने मूलनिवासी पोरांच्या अंडर-सिक्स्टीन टीमकडून शिकलेला युद्धनाच केला, हवेतला भाला फेकायची ॲक्शन केली, तर त्यावर आठवडाभर चर्चा, जणू खराच भाला होता. जुलैत पर्थच्या मॅचनंतर त्याने सुट्टी घेतली. त्याच्याविना झालेल्या पुढच्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला सिडनीचं पब्लिक टाळ्या वाजवत उभं राहिलं, कारण त्याचा नंबर ३७. परत आला, सप्टेंबरमध्ये नॉर्थ मेलबर्नकडून हरले, ड्रेसिंग रूममध्ये निवृत्ती सांगितली आणि निघून गेला. फायनलच्या दिवशी निवृत्तांची फेरी असते तिलाही नाही आला. २०१९ ला लीगने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या एएफएलने, आणि सगळ्या १८ क्लबांनी माफी मागितली, आम्ही त्याच्या पाठीशी पुरेसे उभे राहिलो नाही असं लिहून. नुसत्या फ्री किकचा मामला असता तर लीगला चार वर्षांनी माफी मागायची काय गरज होती?

तुम्ही लिहिलंय "हजारो लोक काय सगळेच वर्णद्वेषी असतात का". नसतात. मला माहितीय, कारण १७ ऑक्टोबर २००७ ला मी वानखेडेवर होतो. तीच ऑस्ट्रेलियाविरुद्धची वनडे, मुरली कार्तिकने सहा विकेट घेतल्या ती. त्यांच्या अँड्रयू सायमंड्सकडे बघून लोक माकडासारखे हात काखेत घालून ओरडत होते, माझ्या मागच्या दोन रांगा करत होत्या, डब्यातले थेपले आम्हाला देणारी चांगली माणसं होती हो ती. मी हावभाव केले नाहीत, पण हसलो, आणि मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं की तो ऑसी आहे, माज करतो, म्हणून. सायमंड्सला मैदानातून काय दिसत होतं ते मी घरी जाऊन टीव्हीवर पाहिलं.

लीगने थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये देऊ केलेली जागा नाकारली तो माज, असंही तुम्ही म्हणता, यावर फार भांडणार नाही, तुमचं मत. २०२१ ला त्याने नको म्हणून कळवलं, ते जाहीर लीगने केलं. तो आणि मायकल ओलोक्लिन २००९ पासून मूलनिवासी मुलांच्या स्कॉलरशिपसाठी गो फाउंडेशन चालवतात, त्यात गुंतलाय.

एक करा, २०१२ ची फायनल मिळाली तर बघा, हॉथॉर्नविरुद्ध, ९१-८१. गुडघ्याचं लिगामेंट गेलेलं असताना तो मैदानात राहिलाय आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारतोय. ते बघून झालं की त्याच्या पडण्याबद्दल पुन्हा बोलू.