म्हादईसाठी भांडणाऱ्यांनी गंगेचा करार एकदा वाचावा

म्हादई ही कर्नाटकातून गोव्यात येणारी नदी, खाली तीच मांडवी. तिचा विषय निघाला की गोव्यात पक्षभेद मागे पडतात. वाळपईच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईलाही कळसा-भांडुरा म्हणजे म्हादईचं पाणी वळवायची कर्नाटकाची योजना, हे ठाऊक असतं. मी सत्तरी तालुक्यातला. नदीच्या पात्रालगतची पुरण शेती आणि उन्हाळ्यातलं वायंगण, म्हणजे पाण्यावरचं भातपीक, पाहत वाढलेला. वरच्या अंगाला कोणी पाणी अडवलं की खालच्या गावात काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणूनच बांगलादेशबद्दल आपल्याकडची मंडळी सध्या जे लिहितायत ते वाचून वाईट वाटतं. "गंगेचं पाणी तोडा, मग येतील वठणीवर." आणि हे लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या भिंतीवर "म्हादई आमची आई" अजून झळकतंय.

गंगेच्या पाणीवाटपाचा करार 12 डिसेंबर 1996 रोजी तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी केला. मुदत तीस वर्षांची, म्हणजे डिसेंबर 2026 पर्यंत. 1 जानेवारी ते 31 मे या काळात पश्चिम बंगालमधल्या फराक्का धरणाशी जेवढं पाणी येईल त्याचा दर दहा दिवसांचा हिशेब करायचा. प्रवाह 70 हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मं-निम्मं. 70 ते 75 हजारांच्या मधे असेल तर बांगलादेशला 35 हजार, उरलेलं आपल्याला. त्याहून जास्त असेल तर आपण 40 हजार घ्यायचे आणि बाकीचं खाली सोडायचं. शिवाय 11 मार्च ते 10 मे या सगळ्यात कोरड्या दिवसांत दोघांनाही आळीपाळीने दहा-दहा दिवस 35 हजार क्युसेकची हमी. त्यात भीक नाही आणि मेहेरबानीही नाही, साधा हिशेब आहे.

फराक्काचं धरण 1975 साली सुरू झालं ते कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा, हुगळीत पाणी राहावं म्हणून. कारण रास्तच होतं. पण उन्हाळ्यात पलीकडे गोराई नदी आटत गेली आणि खुलनाच्या बाजूला खारं पाणी आत शिरू लागलं. आपल्या मांडवीत भरतीचं पाणी गांजेपर्यंत चढतं. वरून गोडं पाणी कमी आलं तर खार आणखी वर सरकेल, ही आपली भीती. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातला, शेतकरी मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या घालून खार थोपवतो, एकदा बांध फुटला की मिठाने मारलेली जमीन परत भाताला यायला वर्षं जातात. खुलनाचा शेतकरी याहून वेगळं काय सांगतो?

आपलं भांडण तरी एका देशातलं आहे. लवाद नेमला गेला, त्याने 2018 साली कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला. दाद मागायला दार आहे. बांगलादेशला असं दार नाही. दोन्ही देशांतून वाहणाऱ्या 54 नद्या, 1972 पासून संयुक्त नदी आयोग, आणि पाणीवाटपाचा पूर्ण करार फक्त गंगेचा. तीस्ता नदीच्या कराराचा मसुदा 2011 मध्ये तयार होता, मनमोहन सिंग ढाक्याला निघाले होते. पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐनवेळी विरोध केला आणि सही राहिली ती राहिलीच. आज त्याच तीस्तेच्या प्रकल्पात चीनला रस आहे. आपण रिकामी ठेवलेली जागा कोणीतरी भरणारच होतं.

1996 साली असं का झालं नाही? इंद्रकुमार गुजराल तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. लहान शेजाऱ्यांकडून प्रत्येक गोष्टीची परतफेड मागायची नाही, हे त्यांचं धोरण. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू सुरुवातीपासून बोलणीत होते. ज्या राज्याचं पाणी जाणार त्याला आधी विश्वासात घेतलं होतं. 2011 ला नेमकं हेच राहिलं.

ऑक्टोबर 2016 मध्ये आपल्याच बाणावलीत ब्रिक्सची परिषद झाली तेव्हा बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटातले शेजारीही बोलावले होते. शेख हसीना आल्या होत्या, नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान प्रचंड आले होते. शेजारी आधी, असं तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं. ते धोरण मला मनापासून पटतं. पण 2019 मध्ये आपण एका दिवसात कांद्याची निर्यात बंद केली आणि ढाक्यात भाव भडकले. अशा वेळी पलीकडच्या माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

मान्य, 5 ऑगस्ट 2024 ला हसीनांना देश सोडावा लागला आणि नंतर ढाक्यातून भारताविरुद्ध बरंच बोललं गेलं. तिथल्या हिंदूंवर हल्ले झाले, त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे, ठणकावून विचारला पाहिजे. पण बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्याच्या शेतकऱ्याचं पाणी तोडून तो जाब मिळणार नाही. उलट तिथल्या भारतद्वेष्ट्यांना आयतं कोलीत मिळेल. पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणी करार आपण एप्रिल 2025 मध्ये स्थगित केला तो पहलगामला 26 माणसं मारली गेल्यावर. ते प्रकरण निराळं. बांगलादेशला त्याच मापाने मोजणं चूक.

आणि ब्रह्मपुत्रेवर आपण स्वतः खालच्या अंगाला आहोत. डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं त्या वर्षी, 2017 ला, चीनने पुराच्या दिवसांत पाण्याची आकडेवारी दिली नाही. आता तिबेटात यारलुंग सांगपोवर, म्हणजे वरच्या ब्रह्मपुत्रेवरच, प्रचंड मोठ्या धरणाचं काम सुरू केलंय. उद्या आपण चीनला खालच्यांचा हक्क सांगायला जाऊ तेव्हा फराक्काला आपण काय केलं, हेच आधी काढलं जाईल.

माझं म्हणणं असं की कराराचं नूतनीकरण मुदतीच्या आत व्हावं. कोरड्या दिवसांतली हमी त्यात राहावी, मोजणीचे आकडे दोन्हीकडच्या लोकांना रोजच्या रोज पाहता यावेत. पश्चिम बंगालला पहिल्या बैठकीपासून बसवावं, आणि फराक्काच्या गाळाची तक्रार करणाऱ्या बिहारलाही. गोव्याचे संसदेत तीनच खासदार. म्हादईवर ते बोलतात, बोलायलाच हवं. त्यांच्यापैकी एकाने तरी गंगेच्या करारावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारावा. मी तिघांनाही पत्र लिहितोय, पटत असेल तर तुम्हीही लिहा.