‘नापास करा, मग शिकतील’: त्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला, मग भाऊबंदकीच्या ग्रुपवर, आणि परवा सासरच्या आबांनी तो मला वेगळा पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वाच पोरी, खरं आहे ना?’

मेसेजवर ‘एका निवृत्त मुख्याध्यापकाचे परखड बोल’ असं शीर्षक आहे. नाव नाही, गाव नाही. मजकूर थोडक्यात असा: २०१० पासून सरकारने परीक्षा बंद केल्या आणि ढकलपास सुरू झालं. पूर्वी नापास व्हायची भीती होती, म्हणून चौथीचं पोर घडाघडा पेपर वाचायचं. आता मास्तर वर्षभर नुसतं ‘निरीक्षण’ करतात, वहीत मनाला येईल ते लिहितात आणि श्रेणी वाटतात. खरं मोजमाप लेखी पेपरातच होतं, बाकी सगळी धूळफेक. म्हणून पहिलीपासून वार्षिक परीक्षा घ्या, नापास करा, पोरं आपोआप सरळ येतील.

मी सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली आठ वर्षं धडगाव तालुक्यात सातपुड्यात गेली. नंतर आंतरजिल्हा बदलीने शिंदखेडा तालुक्यात तापीकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत आले. आबांना ‘हो’ म्हणता येईना आणि एका ओळीत ‘नाही’ही म्हणता येईना.

‘२०१० पासून परीक्षा बंद’

हे साफ चूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला आणि शाळेतून काढायला मनाई केली. कलम ३० ने आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नको म्हटलं. मुलाला काय आलं ते तपासू नका, असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट कलम २९ मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन करायला सांगितलंय. महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० ला काढला. त्यात दोन भाग आहेत: वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार, संकलितला ३०. वर जावं तसा लेखीचा भार वाढतो, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. म्हणजे कोविडची वर्षं सोडली तर सत्रअखेरचा पेपर गेला नाही. गेलं ते ‘नापास’ हे लाल अक्षर.

आणि तेही आता पूर्ण गेलेलं नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नाही जमलं तर तोच वर्ग, असा नियम लागू झाला. मेसेज लिहिणाऱ्यापर्यंत ही बातमी पोहोचलेली दिसत नाही.

‘भीती होती म्हणून पोरं शिकली’

माझ्याकडे दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो आहे. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. पहिलीला आमच्या वर्गात चाळीसच्या वर पोरं होती. फोटोत त्यातली नऊ दिसतात. आज ‘आमच्या वेळी’ म्हणून मेसेज पुढे पाठवणारे त्या नऊ जणांतले आहेत. बाकीचे कुठे गेले ते मला ठाऊक आहे. दोघी-तिघी पाचवीत नापास झाल्या आणि त्या पावसाळ्यात निंदणीला लागल्या, दिवाळीत कापूस वेचायला. नापास झालेली पोरगी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते, हे कागदावर. खानदेशात तिचा बाप म्हणतो, डोकं नाही तिला, घरी राहू द्या. त्या आजही बाजारात भेटतात, पण कुठल्याच ग्रुपवर नाहीत. त्यामुळे ‘भीतीने शिकलो’ या मताला विरोध करायला तिथे कोणी नसतं.

आकडेही आहेत. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी देशातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देते. कायद्याच्या आधीच्या वर्षांतही पाचवीतली जवळपास निम्मी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती. चौथीचं प्रत्येक पोर घडाघडा पेपर वाचत होतं, तो काळ या आकड्यांत कुठे सापडत नाही. कायद्यानंतर वाचणाऱ्यांचं प्रमाण आणखी घसरलं, २०१२ ला सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास आलं, हेही लपवायचं कारण नाही. मेसेजवाल्याने हा आकडा दिला असता तर त्याची बाजू जरा बळकट झाली असती. पण कोविडनंतर २०२२ ला ते त्रेचाळीसच्या आसपास गेलं आणि २०२४ ला पुन्हा एकोणपन्नासच्या जवळ आलं. हा चढउतार एकट्या नापासाच्या भीतीने समजावता येत नाही.

‘मास्तर मनाला येईल ते लिहितात’

इथे मला मान खाली घालावी लागते. हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्यात मीही आहे.

शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय आणि इतर. वाचायला छान आहेत. प्रत्यक्षात काय झालं? प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, आणि साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, चार वर्ग. वर निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, ‘आजच्या आज’ पाठवायचे तक्ते. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, पाठोपाठ मोबाइलवर पीडीएफ. ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो.’ ‘दिलेले काम वेळेत पूर्ण करतो.’ ‘स्वतःहून प्रश्न विचारतो.’ आम्ही रात्री बसून हे उतरवायचो.

सातपुड्यातल्या एका वर्षी माझ्या नोंदवहीत एका मुलापुढे दुसऱ्या सत्रात लिहिलं होतं, ‘गटचर्चेत आनंदाने सहभागी होतो.’ तो मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. होळीला परतला तेव्हा मी ते वाक्य पुन्हा वाचलं. वही तपासायला आलेल्या साहेबांनी त्याच पानावर सही केली होती, ‘नोंदी समाधानकारक’.

त्याच शाळेतली दुसरी चूक जास्त टोचते. पहिल्या वर्षी एका मुलीपुढे मी ‘प्रतिसाद देत नाही’ लिहिलं. ही नोंद कॉपी केलेली नव्हती, डोळ्यांनी पाहून लिहिली होती, तरी चूक होती. तिच्या घरी पावरी ही सातपुड्यातली बोली बोलत. मी प्रश्न विचारायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. एकदा चौथीतल्या मुलीने माझा प्रश्न हिला हिच्या बोलीत सांगितला आणि हिने एकामागून एक सगळी उत्तरं दिली. प्रतिसाद मीच देत नव्हते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गातले प्रश्न मोजून पाहिले होते. शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. परक्या भाषेत ऐकणाऱ्या पोराला तीनही कमीच. मी आता मनात पाचपर्यंत मोजते. वर्ग तेवढा वेळ शांत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं बाईंना पुढचं आठवत नाहीये.

तेव्हा नोंदवही खोटी असते, हे मान्य. पण वही खोटी म्हणून पाहणंच बंद करा, हे म्हणजे मापाड्याने काटा मारला म्हणून कापूस तोलायचाच नाही.

‘खरं मोजमाप पेपरातच’

दुसरी-तिसरीच्या वजाबाकीचं सांगते. मागच्या वर्षी दहा गुणांच्या छोट्या चाचणीत तिघांना चार-चार गुण पडले. मेसेजच्या हिशेबाने तिघंही सारखेच कच्चे. मी तिघांना एकेक करून जवळ बसवलं आणि म्हटलं, कसं केलंस ते मला सांग.

पहिल्याने ५२ वजा २८ बरोबर ३६ लिहिलं होतं. तो म्हणाला, आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली काही नाही, मोठ्यातून लहान काढायचा, एवढा नियम त्याने स्वतःच बांधला होता आणि तो नियम इमानाने पाळत होता. हातचा म्हणजे दशकाचा गठ्ठा सोडणं, हे त्याने कधी हाताने केलंच नव्हतं. पऱ्हाटीच्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे करून दिले, तिसऱ्या दिवशी त्याचं सुटलं.

तिघांतली दुसरी एक मुलगी, तिची वजाबाकी बिनचूक होती. चूक आकडे ऐकून लिहिण्यात होती. ‘एकोणचाळीस’ म्हटलं की ती ४९ लिहायची. चाळीस ऐकू आलं, नऊ ठाऊक होतं, झालं. ‘त्रेपन्न’ला ३५. तीन आधी ऐकू येतं ना! मराठी अंकांची ही गंमत मोठ्यांना दिसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा याच ग्रुपांवर विनोदांचा पाऊस पडला होता. ती पद्धत मलाही पूर्ण पटलेली नाही, पण दुखणं खरं होतं. या पोरीला वजाबाकीचे शंभर पेपर दिले असते तरी ती शंभर वेळा नापास झाली असती, आणि तिला वजाबाकी येत होती.

तिसरा शाब्दिक उदाहरणांत अडकला होता. ‘उरली’, ‘शिल्लक’, ‘पैकी’ हे शब्द त्याच्या घरात कुणी बोलत नाही. शनिवारी तो बापाबरोबर बाजारात भेंडी विकायला बसतो. मी पुस्तक मिटलं आणि अहिराणीत विचारलं, ‘बावन्नमाईन अठ्ठावीस गयात, मंग कितला राह्यनात?’ तो हसला, ‘चोवीस.’ बोटंही मोजली नाहीत.

तीन पोरं, गुण तेच, दुखणी तीन आणि औषधंही तीन. पेपर एवढंच सांगतो की ताप आहे. माझा पेपरावर राग नाही, तो चाचणीचाच तर पेपर होता, त्याशिवाय मी त्या तिघांकडे वळलेही नसते. राग आहे तो गुण टाकले की काम संपलं या समजुतीवर. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या मुलांवर केलेला प्रयोग आमच्या एका प्रशिक्षणात ऐकला होता. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती नुसता शेरा मिळालेली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं नुसत्या गुणांवाल्यांसारखंच झालं. मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. मग माझ्याच वर्गात वह्या वाटताना पाहिलं: पोरं आधी स्वतःचे गुण बघतात, मग शेजाऱ्याचे. शेरा तसाच राहतो.

‘पहिलीपासून नापास करा’

सहा वर्षांच्या पोराला नापास करून त्याला नेमकं काय कळणार आहे? त्याच वर्गात, त्याच शिक्षकाकडून, तेच पुन्हा एकदा तसंच ऐकायला मिळेल. एकोणचाळीसला एकोणपन्नास लिहिणारी पोरगी पुढच्या वर्षीही तेच लिहील, कारण तिला कुणी विचारलेलंच नसेल.

ढकलपास हाही गुन्हाच आहे, तो शब्द मेसेजवाल्याने चुकीचा वापरला नाही. श्रेणीच्या तक्त्यात ३३ टक्क्यांच्या खालच्यांना ‘इ-१’ आणि ‘इ-२’ आहे, आणि अशा मुलांना जादा मार्गदर्शन देऊन किमान ‘ड’पर्यंत आणायचं, अशी त्यामागची अट होती. ते जादा मार्गदर्शन कधी, कोण, कुठल्या तासाला करणार, हे कुणी विचारलं नाही. आम्ही ‘इ’ देणंच बंद केलं. प्रगतीपुस्तकावर ‘ड’ पडला की कुणी काही विचारत नाही. मेसेज लिहायचाच होता तर यावर लिहायचा होता, मी स्वतः चार ग्रुपवर पाठवला असता.

मला काय हवंय ते विचाराल तर तयार नोंदींची पानं बंद करा. महिन्याला प्रत्येक मुलाची एकच ओळ मागा, पण अशी की ती दुसऱ्या कुठल्याच मुलाला लागू पडणार नाही. ‘एकोण-वाले आकडे दहाने वाढवून लिहिते’ अशी. ऊसतोडीला जाणाऱ्या पोराबरोबर तो कागद पाठवता आला पाहिजे, म्हणजे तिकडे शाळा मिळाली तर तिथल्या शिक्षकाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि साहेबांनी वही तपासण्याऐवजी दोन पोरांशी पाच मिनिटं बोलावं.

हे सगळं मी आधी आबांनाच पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. तासाभराने उत्तर आलं: ‘लय मोठं लिखेल शे. सवडीने वाचतो. तोवर ते एकोणचाळीसचं नातवाला विचारून पाहतो.’