चार इंची ग्राइंडरला सात इंची चकती? त्या पोस्टला उत्तर

'पाच हजारांत घरचं वर्कशॉप' ही पोस्ट गेले काही आठवडे व्हॉट्सॲपवर फिरतेय. मला चार ग्रुपवर आली, चारही वेळा वाचून सोडून दिली. गेल्या रविवारी तासगावला बहिणीकडे गेलो, तर बेदाण्याच्या शेडमध्ये भाचा द्राक्षाच्या मंडपाचे लोखंडी अँगल कापत बसलेला. ग्राइंडर चार इंची, चकती सात इंची, गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, गायब. "मामा, त्या पोस्टमधी बघून केलंय. झकास कापतंय बघा," म्हणाला. त्याच्या मागं शेडनेटला रुपयाएवढं भोक पडलेलं. चकतीच्या कडेचा तुकडा उडून तिथून बाहेर गेला होता. तो बसला होता तिथून ते भोक दीड हातावर, आणि उंची बरोबर त्याच्या कानाची.

कुपवाड एमआयडीसीत मी बावीस वर्षं फिटरचं काम केलंय. त्यामुळे आता गप्प बसणं मला जमणार नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. चार इंची ग्राइंडर घेतला की करवत, हॅक्सॉ (लोखंड कापायची हातकरवत), रंधा काही लागत नाही. गार्ड काढला की सात इंची चकती बसते आणि खोल कापता येतं. चकतीचं भोक मोठं वाटलं तर आत बुश, म्हणजे फट भरणारी कडी, घालायचा. त्याच मशीनला दात्यांचं पातं लावून लाकूड कापायचं. कुठल्याही मशीनवर हातमोजे घालूनच काम करायचं. दोन पिनचं मशीन डुप्लिकेट समजायचं. आणि सुरुवातीला महागाचं काही घ्यायचं नाही.

आधी चकतीचं बघू, कारण जीव तिथंच जाणार आहे. कुठलीही चांगली कटिंग चकती हातात घ्या आणि तिच्यावरचं छापलेलं वाचा. दोन आकडे असतात: ८० मीटर प्रति सेकंद, आणि मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे. चार इंचीवर पंधरा हजारांच्या वर फेरे लिहिलेले असतात, पाच इंचीवर १२,२००, सात इंचीवर ८,५००. चकती मोठी झाली की फेरे कमी, कारण कडेचा वेग ८० च्या आत राहायला हवा. आता आपला चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. चार इंची चकतीची कड त्यावर सेकंदाला ५८ मीटरच्या आसपास धावते, म्हणजे भरपूर सवलत आहे. सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरची चकती लावा. एका फेऱ्यात कड ५६५ मिलिमीटर जाते. गुणिले ११,०००, भागिले ६०. उत्तर १०३ मीटरच्या वर येतं. ताशी ३७० किलोमीटर! वेग मर्यादेच्या १.३ पट होतो, पण चकती फाडणारी ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती जवळजवळ १.७ पट. चकती म्हणजे राळेत बसवलेले घासणारे कण आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी. ती यासाठी बनवलेलीच नाही.

हे माझं मत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ३० वं कलम बघा. जिथं ग्राइंडिंग चालतं तिथं प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित कमाल कडवेग आणि शाफ्टचा वेग लिहिलेली सूचना कायम लावलेली असावी, आणि तो वेग ओलांडला जाऊ नये, असं त्यात सरळ घालून दिलं होतं. कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात आम्हाला फोरमननं त्या पाटीसमोर उभं केलं होतं. कारखान्यात जे थांबवायला कायदा लागला, तेच घरच्या शेडमध्ये लोक हौसेनं करतायत.

बुशचं तर वाचून अंगावर काटा आला. चार इंची मशीनची चकती १६ मिलिमीटर भोकाची असते, सात इंचीचं भोक २२ च्या वर. मधली फट भरायला भाच्यानं पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घातला होता. मी नट काढला, तर तो तुकडा गरम होऊन एका बाजूला दबलेला. चकती मध्यावर नव्हती. नख फिरवलं तर कडेला तीन ठिकाणी टवके. अशी चकती हातात थरथरते, आणि माणसाला वाटतं मशीनच जुनं झालंय.

गार्ड काढायचं खरं कारण मला माहीत आहे. भाचापण तेच म्हणाला, "गार्ड असला की कोपऱ्यात घुसत नाही ओ." अरे, गार्ड फिरतो. पट्टी ढिली करायची, हवा तसा वळवायचा, परत आवळायचा. ठिणग्या अंगाकडं न येता पलीकडं जातील असा लावायचा. तरीही घुसत नसेल तर तिथं हॅक्सॉचं काम आहे. फ्रेममध्ये पातं आडवं वळवून लावता येतं, अँगलला चोवीस दाती घ्यायचं, दात पुढच्या दिशेला. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मंडपावर चढवायच्या आधी अँगल खाली शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून कापायचा.

लाकडाच्या पात्याचं. हेही तितकंच वाईट आहे. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला खाली सपाट तळ असतो, आपोआप मिटणारा गार्ड असतो, आणि बोट काढलं की बंद होणारं बटण असतं. सात इंची सॉ मिनिटाला पाचेक हजार फेरे घेतो. ग्राइंडर त्याच्या दुप्पट फिरतो, तळ नाही, आणि बऱ्याच मशीनचं बटण पुढं सरकवलं की तिथंच अडकून राहतं. फळीनं पातं आवळलं की मशीन उसळतं, हातातून सुटतं, आणि सुटल्यावरही फिरतच राहतं. बाभळीच्या लाकडात गाठ लागली की हे व्हायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही.

करवत, रंधा जुनाट झाले असं म्हणणाऱ्यानं मिरजेत सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारावी. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यावर लाकूड बसवायचं काम पटाशी आणि कानशीनं चालतं. धार लावलेली एक पटाशी, काटकोन बघायचा एक गुण्या, टेबलाला बोल्ट केलेला चार इंची शिकंजा: घरच्या वर्कशॉपची सुरुवात मी इथून करीन, ग्राइंडरपासून नाही.

हातमोजे. ग्राइंडरवर चामड्याचे घाला, चांगलंच आहे. पण ड्रिल मशीनवर, लेथवर, टेबल सॉवर नाही. विणलेल्या सुती मोज्याचा एक धागा बिटात गुंतला की बोट धाग्यामागं जातं. माझ्याबरोबरच्या एका पोराचं बोट असंच गेलंय, त्यामुळे या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. सैल बाही, गळ्यातली उपरणी यांचंही तेच. चष्मा मात्र प्रत्येक मशीनवर, आणि बाजूनं झाकलेला.

दोन पिनचं. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंगची पिन नसतेच. धातूच्या अंगाच्या बेंच ग्राइंडरला तीन पिन हव्यात, आणि तिसरी तोडून दोनच्या सॉकेटात घुसवू नये. शेडमध्ये ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, पावसाळ्यात तिथं ओल असते.

सुरुवातीला महागाचं नको, हे पोस्टमधलं एकच वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून नाइलाजानं मान्य करतो. हातोडी, पक्कड, पाने स्वस्त घ्या. कुठला पाना आपण रोज वापरतो ते सहा महिन्यांत कळतं, मग तेवढाच चांगला घ्या. पण चकती, ड्रिलचे बिट आणि चष्मा यांत पैसे वाचवू नका. चकती घेताना मधल्या धातूच्या कडीवरची मुदत बघा. राळेची चकती बनल्यापासून तीन वर्षांत संपते, आणि ओलीत पडलेली त्याआधीच.

ज्यांनी ती पोस्ट पुढं पाठवली त्यांनी त्याच ग्रुपवर हे टाकावं. भाच्याचा ग्राइंडर मी घरी घेऊन आलोय. गार्ड शेडमध्ये शोधला, सापडला नाही. मॉडेल नंबर सांगितला की सांगलीच्या गणपती पेठेत नवा मिळतो. तो बसवला की मशीन परत तासगावला जाईल.