नावं पूर्ण दाखवा

सिनेमाच्या शेवटी पडद्यावर येणारी नावं कोणी वाचत नाही, ती बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. 'जैत रे जैत' (१९७७) या सिनेमाची गाणी शेजारच्या पळसखेडच्या कवी ना. धों. महानोरांची, हे आम्ही जळगावकर अभिमानाने सांगतो. तेव्हा नावं बहुतेक सुरुवातीलाच यायची. गीतकार, संकलक, छायालेखक आपसूक नजरेखालून जायचे. आता ते सगळे शेवटी गेलेत आणि नेमके तिथेच दिवे लागतात. पडद्यावरची अक्षरं फिकट पडतात, दार सताड उघडतं, सफाईवाला पोरगा रांगेतले पॉपकॉर्नचे डबे पोत्यात भरत म्हणतो, "चला भो, संपला पिच्चर!" त्याचा काय दोष, पुढचा शो असतो. पण डिजिटल प्रोजेक्शनमध्ये दिवे कधी लावायचे ते आधीच ठरवता येतं. थिएटरवाल्यांनी ते जरा उशिरा लावावेत.

पावलांचा, बांगड्यांचा आवाज स्टुडिओत वेगळा काढणारे फोली कलाकार, लाइटमन, स्पॉटबॉय यांची नावं पोस्टरवर नसतात. ती इथेच येतात, तीही काही सेकंद. माझ्या मुली आता उठत नाहीत, वेशभूषा कोणाची ते शोधतात. पुढच्या वेळी तुम्हीही बसा.