जळालेला एलईडी बल्ब ब्लेडनं उघडू नका

‘कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत! घरातला बल्ब १० वर्षं टिकवा’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिचा फोन आला, ‘ब्लेडनं टोपी काढू का रे? शेजारचीनं केलंय की.’ आत्या सत्तरीची, सोलापूरच्या पूर्वभागात एकटी राहते. म्हणून हे लिहितोय, आणि रागानंच लिहितोय.

मेसेज म्हणतो: बंद पडलेल्या एलईडी बल्बची पांढरी टोपी ब्लेडनं काढा, काळा ठिपका पडलेला दाणा (आतली बारकी एलईडी) शोधा, त्यावर पेन्सिल घासा किंवा चॉकलेटची चांदी दाबा, आणि ‘बल्ब होल्डरमध्ये ठेवूनच बघा, आतला करंट किरकोळ असतो’.

किरकोळ? बऱ्याच स्वस्त बल्बांत आतलं सर्किट लाइनपासून वेगळं केलेलंच नसतं. २३० व्होल्टची लाइन थेट त्या दाण्यांपर्यंत पोचते. तुमचं बोट आणि लाइन यांच्यामध्ये असते ती फक्त ती प्लास्टिकची टोपी, आणि तीच काढायला सांगताहेत, तीही स्टुलावर चढून!

‘बटण बंद केलंय’ एवढ्यावर विसंबू नका. कितीतरी घरांत बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं. अशा ठिकाणी बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतेच. बटण बंद केल्यावरही एलईडी अंधारात मंद मिणमिणत असेल, तर हाच संशय घ्या आणि वायरमनला बोलावून टेस्टर लावून घ्या. बल्ब होल्डरमधून काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) थोडा वेळ चार्ज राहू शकतो.

बल्ब पेटतो का? पेटतो, हे नाकारत नाही. दाणे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक गेला की सगळेच विझतात, तो ओलांडला की बाकीचे लागतात. पण गेलेल्या दाण्याच्या वाट्याचं व्होल्टेज कुठं जाणार? साध्या ड्रायव्हरमध्ये (दाण्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) ते आयसीवर, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या चिपवर पडतं, आयसी जास्त तापते आणि बल्ब पुन्हा जातो. पेन्सिलीच्या शिशाचा रेघोटा तर स्वतःच तापतो.

मेसेज पुढं म्हणतो, ‘बल्ब सतत चालू ठेवा, चालू-बंद केल्यानं जातो.’ हे जुन्या सीएफएलला बऱ्यापैकी लागू होतं. एलईडीला घरातल्या चालू-बंदनं काही होत नाही. ९ वॅटचा बल्ब महिनाभर अखंड जाळलात तर साडेसहा युनिट फुकट जातील, एवढंच.

आणखी एक सल्ला, ‘सिरीजमध्ये डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग) लावा.’ पिवळ्या तारेच्या बल्बाला लावला तर तो खरंच खूप टिकतो, पण उजेड फार कमी होतो. एलईडीला लावू नका.

आता कंपन्यांचा कट. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावंच लागतं. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात ऑसराम, फिलिप्स वगैरे कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला, बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधलं आणि नियम मोडणाऱ्या कारखान्यांना दंड लावले. पण १९५१ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानं याच धंद्याची चौकशी केली, तेव्हा त्यांनाही मानावं लागलं की १००० तास ही आयुष्य आणि उजेड यांच्यातली वाजवी तडजोड होती. तार जास्त टिकवायची तर ती कमी तापवावी लागते, मग तेवढ्याच उजेडाला वीज जास्त लागते. आणि हे सगळं तारेच्या बल्बाचं. एलईडीत तारच नाही, तेव्हा फीबसचं नाव घेऊन आत्याच्या हातात ब्लेड कशाला देता?

खरी गोष्ट मेसेजमध्ये कुठंच नाही, ती म्हणजे उष्णता. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आणि बल्ब बंद काचेच्या गोळ्यात कोंडलेला, मग तो टिकेल कसा? गोळा काढा, उघडा होल्डर वापरा, पत्र्यापासून बल्ब हातभर खाली सोडा. होल्डर सैल असेल तर ठिणग्या पडून बल्ब जातो, तो बदलून घ्या. घरातले बल्ब एकदम पटापट जायला लागले तर न्यूट्रल सैल झालेलं असू शकतं. तेव्हा नवे बल्ब आणत बसू नका, आधी वायरमन बोलवा.

बल्ब घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण बघा, बिल घ्या, खोक्यावर तारीख घालून ठेवा. वॉरंटीत गेला तर दुकानदाराकडून बदलून मिळतो. टोपी उघडलेली असेल तर तो हातही लावणार नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर आजच लिहावं: बल्ब उघडू नका, ज्यांनी उघडलाय त्यांनी तो होल्डरमध्ये पुन्हा लावू नका.