‘खांदा बदलला की हात गेला’ म्हणे!

ऐन कापूस वेचणीत यवतमाळकडच्या गावांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘खांद्याचा सांधा बदलू नका. हात वर जातच नाही. पाच वर्षांत सांधा सैल होतो. मोडलेला खांदा हाडवैद्याकडून चोळून बसवून घ्या.’ लिहिणाऱ्याने झिजलेला खांदा आणि मोडलेला खांदा एकाच पोत्यात भरलेत.

झिजलेल्या सांध्यात ऑपरेशनचा भरवशाचा फायदा म्हणजे दुखणं कमी होणं. त्या कुशीवर झोपताच न येणारी बाई झोपू लागते. हात किती वर जाईल, हे बरंचसं स्नायूंवर असतं. खांद्याभोवतीचे स्नायूबंध शाबूत असतील तर नेहमीचा सांधा बसवतात. ते फाटून गेले असतील तर उलटा: गोळा फऱ्याकडे, वाटी दंडाच्या हाडावर. मग वरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. ही रचना फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८०च्या दशकात आणली. उणीव आहेच. उलट्या सांध्यात हात पाठीमागे नेणं अनेकांना जड जातं. डोक्यावर पदर घेता येतो, नऊवारीचा कास्टा खोचताना मात्र अडतं. हे आधीच विचारून घ्यावं.

पाच वर्षांचं म्हणाल तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊ सांधे टिकून असतात. अर्थात त्याच खांद्यावर सरकीचं पोतं घ्यायचं नाही.

फ्रॅक्चरच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे. २०१५ साली ब्रिटनमधल्या २५० रुग्णांच्या ‘प्रोफर’ चाचणीत दिसलं, की दंडाच्या वरच्या टोकाचं हाड मोडून सरकलेलं असलं तरी ऑपरेशनवाले आणि नुसता हात झोळीत ठेवलेले, दोन वर्षांनी सारखेच. पण तिथे एक्स-रे होता, व्यायाम होता, चोळणं नव्हतं! ताजं मोडलेलं हाड चोळलं तर ते आणखी सरकतं, शेजारची नस दुखावते. शिवाय गोळाच फुटला किंवा हाड मोडून सांधाही निखळला, तर झोळीवर भागेलच असं नाही. तिथे वयस्कर माणसाला बहुधा उलटा सांधा सुचवतात. पूर्वी नुसता गोळा बदलत. स्नायू धरून ठेवणारे हाडाचे तुकडे जुळले नाहीत, तर हात खरंच वर जात नसे. ‘हात गेला’ची भीती बहुधा तिथलीच.

भीतीच घालायची होती तर जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, नसेला इजा ही खरी जोखीम तरी लिहायची. जखमेतून पाणी येऊ लागलं तर हळद दाबून वाट बघू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा.