खुलासा : शीट रिस्ट्रिक्टेड केली तरी पब्लिश केलेलं पान चालूच राहतं

मागे मीच लिहिलं होतं की गूगल शीट 'पब्लिश टू वेब' केली असेल (म्हणजे लिंक असलेल्या कोणालाही दिसेल असं तिचं वेबपान काढलं असेल) तर नंतर शेअरिंग रिस्ट्रिक्टेड करा, म्हणजे फक्त परवानगी दिलेल्यांपुरतं ठेवा, पान आपोआप बंद होतं. ते चुकीचं आहे, आणि तोच मेसेज आता सगळीकडे फिरतोय.

शेअरिंग आणि पब्लिशिंग या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. काल एक टेस्ट शीट करून बघितली, शेअरिंग पूर्ण बंद केलं आणि इनकॉग्निटोमध्ये (लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत) दोन्ही लिंक उघडल्या, तर मूळ शीटने परवानगी मागितली पण पब्लिश केलेल्या पानाची, म्हणजे पत्त्याच्या शेवटी 'पबएचटीएमएल' (pubhtml) असलेली लिंक लॉगिन न विचारता अख्खा तक्ता दाखवत होती, मोबाईल नंबरच्या कॉलमसकट (नंबर खोटे टाकले होते म्हणून बरं).

बंद करायचं तर फाइल, शेअर, पब्लिश टू वेब असं जाऊन खाली 'पब्लिश्ड कंटेंट अँड सेटिंग्ज' उघडा आणि 'स्टॉप पब्लिशिंग' दाबा. तिथेच 'एंटायर डॉक्युमेंट'ऐवजी (अख्ख्या फाइलऐवजी) त्यातली एकच शीट, म्हणजे एकच टॅब, निवडता येते, मी तर पब्लिश करायचा डेटा वेगळ्या फाइलमध्येच ठेवतो. अर्थात कोणी आधीच कॉपी करून घेतलं असेल तर ते काही परत येत नाही.

जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा. चूक माझीच होती, सॉरी.